पेटी रिकामी असते तेव्हा

आमच्या व्याह्यांइतका स्वच्छतेचा वेडा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही देवळात उभं राहून सांगायला तयार आहे. फक्त ही स्वच्छता स्वतःच्या अंगावर खर्च करायला त्यांना आजवर सवड मिळालेली नाही. सदऱ्याची वरची गुंडी गेली ती गेलीच, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पायजम्यावर चुन्याचे शिंतोडे, आणि दाढी कधी करायची असते हे त्यांना कुणीतरी आठवण करून द्यावं लागतं. अशा अवतारात ते गुलमंडीवरच्या माझ्या कापडाच्या दुकानात येऊन गादीवर बसले की गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडं बघतं आणि मग कापडाकडं. त्यांच्याजवळ जी काही स्वच्छता आहे ती सगळीच्या सगळी एका लाकडी पेटीच्या वाट्याला गेली आहे, आणि त्या पेटीत कोंबडीची पिल्लं राहतात.

माझी मुलगी ज्योती त्यांच्या थोरल्या मुलाला दिलेली आहे. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यावरून आत वळलं की त्यांची थोडीशी जमीन आहे. जमिनीत घर, घरामागं कडुनिंब आणि कडुनिंबाजवळ पत्र्याच्या छपराखाली ती पेटी. कंपनीत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या आणून व्याह्यांनी ती स्वतः ठोकली. दोन दिवाण शेजारी लावावेत एवढी मोठी, कडा गुडघ्याच्या वर, वरून उबेचे दिवे सोडलेले आणि तळाला भाताच्या तुसाची गादी. एका दिवसाची पिल्लं येतात, महिनाभर त्या उबेत राहतात, अंगात जरा जीव धरला की मागच्या खुराड्यात जातात, आणि मोठी झाली की लासूर स्टेशनच्या बाजारात. एक बॅच बाहेर पडली आणि दुसरी यायची आहे, या मधल्या काळात पेटी साफ करायची असते. इतर कोंबडीवाले हे काम एका सकाळी उरकतात. आमच्या व्याह्यांनी त्याचा सण केला आहे. शिकलेले लोक त्या पेटीला ब्रूडर म्हणतात, व्याही पेटी म्हणतात आणि विहीणबाई सवत म्हणतात.

हा स्वभाव त्यांना नोकरीनं दिला की ते स्वभावामुळंच त्या नोकरीत टिकले, हे मला अजून कळलेलं नाही. वाळूजच्या एका कंपनीत ते आयुष्यभर माल तपासायच्या खात्यात होते. आलेला सुटा भाग उजेडात धरायचा, फिरवून बघायचा, नखानं खरवडायचा आणि बहुतेक वेळा नापास करून बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. ताटातली भाकरी ते उचलून कडेनं बघतात. पाहुण्याच्या घरी गेले की खुर्चीत बसण्याआधी ती हलवून बघतात. पुढं ज्योतीला मुलगी झाली, तेव्हा बारशाला सगळे बाळाचं कौतुक करत होते, कुणाला ती आजीसारखी दिसत होती, कुणाला आत्यासारखी. व्याह्यांनी नातीला हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून बघितलं, आणि म्हणाले, "एक कान जरासा मोठा हाय. पण चालंल." त्यांच्या तोंडून चालंल हा शब्द निघणं म्हणजे काय, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक होतं. विहीणबाईंनी तेवढ्यावर पेढे वाटले.

लग्नाच्या बैठकीची गोष्ट मी अजूनही सांगत असतो. मुलगा पसंत, मुलगी पसंत, याद्या होत आल्या होत्या, आणि तेवढ्यात हे गृहस्थ उठले आणि मला खुणेनं बाहेर घेऊन गेले. मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला असं एकटं बाहेर नेलं की काय होतं ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं. मी मनातल्या मनात हुंड्याचा आकडा मोजायला लागलो. ते इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, एक मागायचं व्हतं. चारचौघांत बरं दिसत नाय." मी म्हटलं, बोला. म्हणाले, "तुमच्या घरात जुने टूथब्रश निघत असतील. ते फेकत जाऊ नका. पेटीच्या फटी साफ करायला त्याच्यावाणी हत्यार नाय." मी पुन्हा विचारलं, टूथब्रश? त्यांना वाटलं मी नाराज झालो, म्हणून त्यांनी लगेच सवलत दिली: "लहान पोरांचे नसले तरी चालतील." तेव्हापासून दर दिवाळीला आमच्या घरून पडेगावला आहेर जातो त्यात एक पिशवी टूथब्रशची असते. आमच्या सौभाग्यवतींना याची फार लाज वाटते. लोक व्याह्यांना चांदीचं भांडं देतात आणि आपण झिजलेले ब्रश देतो, असं म्हणत त्या ते ब्रश गरम पाण्यात धुतात आणि वर रेशमी दोरा बांधतात.

मग तारीख काढायची वेळ आली. गुरुजींनी पंचांग उघडून एक फार चांगला मुहूर्त सांगितला. व्याह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "नाय जमायचं, तवा पिलं आठवड्याची असतील." गुरुजींनी दुसरा सांगितला. "तवा दिवे काढायचे असत्यात." तिसऱ्या मुहूर्ताला पेटी नुकतीच चुना लावून वाळत पडणार होती, म्हणून तो सर्वांत शुभ ठरला. माझ्या मुलीचं लग्न पंचांगातल्या मुहूर्तावर झालं असं लोकांना वाटतं. ते दोन बॅचच्या मधे झालं.

लग्नानंतर मी पहिल्यांदा मुलीच्या घरी गेलो तो प्रसंग. मी आपला कापडवाल्याच्या ऐटीत, पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात मिठाईचा पुडा. घरात पाणी घेऊन झालं, आणि व्याही मोठ्या अभिमानानं मला पिल्लं दाखवायला मागं घेऊन गेले. छपराच्या अलीकडं गुलाबी पाण्यानं भरलेली एक पसरट पाटी होती. म्हणाले, "पाव्हणं, पाय घाला." मला वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं आहेत. लग्नात आम्ही यांचे पाय धुतले, आज हे उलट आमचे धुतायत. मी भारावून चपला काढल्या आणि पाय पाण्यात ठेवले. ते खाली वाकले, माझ्या टाचा न्याहाळल्या आणि म्हणाले, "जरा चोळा. बाहेरून काय काय चिकटून येतंय." ते पोटॅशचं पाणी होतं. बाहेरचा आजार पिल्लांपर्यंत जाऊ नये म्हणून. पुढं आठवडाभर माझ्या पायाची नखं तपकिरी दिसत होती, आणि दुकानात बसताना मी ती मांडीखाली लपवत होतो.

आता प्रत्यक्ष साफसफाई. पिल्लं खुराड्यात गेली की ते आधी दिवे आणि भांडी काढून उन्हात मांडतात. मग जुनं तूस हलकं ओलं करून उपसायचं आणि लांब, शेताच्या पार टोकाला नेऊन टाकायचं. वाऱ्याची दिशा बघून, कारण घाण परत येते यावर त्यांची श्रद्धा आहे. मग आत उतरून तळ खरवडायचा. यासाठी त्यांना उलथन्यासारखं दुसरं काही पसंत नाही, त्यामुळं त्या घरात उलथनं टिकत नाही. विहीणबाई पोळी हातानं उलटतात आणि भांड्याच्या दुकानात गेल्या की दुकानदार न विचारता उलथनं बांधून देतो. खरवडून झालं की धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, घासणं, फटीत ब्रश, पुन्हा पाणी, मग ऊन, आणि उन्हात खडखडीत वाळल्यावर औषध, त्यावर चुना. हा क्रम कुणी बदलायचा नाही. शेजारच्या वस्तीवरच्या एकानं एकदा सांगितलं की तो घासत वगैरे बसत नाही, सरळ औषध फवारतो. व्याह्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं. मग म्हणाले, "म्हंजे अंघूळ न करता अत्तर लावायचं. लावा. पिलांना बी नाक असतंय." त्या माणसाशी ते पुढं बोलतात, पण त्याच्या घरचा चहा घेत नाहीत.

सगळं झालं की परीक्षा. त्यासाठी ते माझ्या दुकानातून मांजरपाटाचे तुकडे नेतात, पांढरेशुभ्र. ओला तुकडा तळावरून फिरवायचा आणि उजेडात धरायचा. डाग दिसला की पुन्हा सोड्यापासून सुरुवात. कापडाला लागलेला डाग ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून येतात, जणू तो त्यातल्याच कुणाच्या मनातून आला आहे.

आणि मग पेटी रिकामी ठेवायची. धुतली, वाळली, चुना दिला तरी लगेच पिल्लं आणायची नाहीत, तिला नुसती उन्हावाऱ्यात पडू द्यायचं. हा काळ त्यांना जड जातो. घरात असले की डब्यांची झाकणं उघडून वास घेतात, म्हणून विहीणबाई त्यांना बाहेर पिटाळतात. मग ते नातेवाइकांची राहिलेली लग्नं, बारशी, दहावे, सगळं उरकून घेतात. पाचोडला त्यांची मावसबहीण आहे, ती तर ते दारात दिसले की विचारते, "पेटी रिकामी झाली वाटतं." एकदा अशाच दिवसांत मी दुपारचा गेलो तर ते कुठंच सापडेनात. विहीणबाई म्हणाल्या मागं बघा. मागं पेटीत नवं तूस पसरलेलं, दिवे लागलेले, आणि त्यांच्या खाली आमचे व्याही पाय पोटाशी घेऊन एका कुशीवर निजलेले. मी घाबरून हाक मारली. त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "डाव्या अंगाला ऊब कमी पडायलीय." नव्या पिल्लांच्या आधी ते असे एकदा आत झोपून बघतात हे तोवर मला माहीत नव्हतं. विहीणबाई दारातून म्हणाल्या, "घाबरू नका. ते आमचं मोठं पिलू हाय."

या सगळ्याला आम्ही हसतो, तेही हसू देतात. पण हसण्यासारखं नाही असं त्यात एक आहे. फार पूर्वी, धंदा नवा होता तेव्हा, त्यांनी एकदा घाई केली होती. पिल्लं ठरल्या वेळेआधीच आली, पेटी वरवर पुसली आणि त्यांना आत सोडलं. रक्ताची हगवण लागली आणि सगळी बॅच गेली. त्याबद्दल ते बोलत नाहीत. मला विहीणबाईंनी सांगितलं. त्यांनी खड्डा स्वतः खणला, आणि मग दोन दिवस त्या पेटीपाशी नुसते बसून होते.

गेल्या वर्षी हिवाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. आधी चढावर, मग घरातल्या घरात. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला आणि स्पष्ट सांगितलं की तुसाची धूळ, विष्ठेचा वास, चुना, हे आता बंद. पिल्लांना लांबून बघा, दाणे टाका, पण ती पेटी उपसायला आत उतरलात तर पुढच्या वेळी तुम्हाला दवाखान्यातच ठेवावं लागेल. आता यात अडचण काय, कुणीही म्हणेल की पेटी दुसऱ्यानं धुवावी. दोन गडी ठेवून बघितले. पहिला दुपारपर्यंत टिकला. दुसरा जेवायला जातो म्हणून गेला आणि त्याची चप्पल न्यायला त्याची बायको आली. जावई धुतो म्हणाला, तर व्याह्यांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की बापलेकांनी दोन दिवस अबोला धरला. शेवटी ते म्हणाले, पेटी धड धुतली जाणार नसेल तर पिलंच नकोत. आणि असं म्हणून, घरात कुणी नसताना, तोंडाला पंचा बांधून स्वतः आत उतरले. त्या रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

घरी आल्यावर ज्योतीचा मला फोन आला. "बाबा, तुम्ही येऊन सांगा. आम्ही सांगून थकलो." मी म्हटलं, माझं ते काय ऐकणार? पण ते विहीणबाईंनी ठरवून टाकलं होतं. मुलीच्या बापानं घरी येऊन तोंडानं काही मागितलं तर ते मोडायची त्या घराची रीत नाही. मी मागायचं, पेटी कायमची बंद करा. त्यांना हो म्हणावं लागलं असतं. सगळं बिनबोभाट झालं असतं.

मी रिक्षानं निघालो. वाक्य घरापासून पाठ करत होतो: व्याहीबुवा, माझं एक ऐका, आता पेटी बंद करा. छावणी गेली, पडेगाव आलं, वाक्य पक्कं होतं. मागं गेलो तर ते पेटीशेजारी उपड्या बादलीवर बसले होते. हातात उलथनं. आधीची बॅच खुराड्यात गेली होती आणि यांनी पुन्हा गुपचूप सुरुवात केली होती. एका बाजूचं लाकूड खरवडून निघालं होतं, दुसरी बाजू तशीच, आणि मधे यांचा श्वास संपला होता. मला बघून त्यांनी हात वर केला, बोलू नका म्हणून. थोडा दम आल्यावर म्हणाले, "काहीतरी मागायला आलात."

"कशावरून?"

"सकाळपास्नं घरात समदे माझ्याशी गोड बोलायलेत. मागा. पण पाव्हणं, नीट इचार करून मागा. तुमचा शब्द मला मोडता यायचा नाय, हे तुमालाबी ठाऊक हाय."

ते माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत तपासणी नव्हती. आयुष्यभर इतरांना नापास करणारा तो माणूस निकालाची वाट बघत बसला होता. मला फार वाईट वाटलं, आणि पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "ही पेटी धुवायचं काम मला द्या."

ते हसायला लागले, हसता हसता खोकले. "तुमाला? ह्या कपड्यांत?"

"कपडे बदलतो."

मग त्यांनी हसणं थांबवलं आणि मान हलवली. "नाय जमायचं."

"म्हणजे माझा शब्द मोडता?"

"मोडत नाय. पण ऐका. काम चुकलं की म्या बोलणार. बोलल्याबिगर पेटी साफ व्हत नाय. आन् मुलीच्या बापाला बोललो तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. नाय बोललो तर पिलं जातील. आता तुमीच सांगा, म्या काय करू?"

ही अडचण खरी होती. व्याह्याला रागावता येत नाही. मी म्हटलं, "मग आणखी एक मागतो. पेटीपाशी असेपर्यंत मला वाटेल ते बोला. पेटीपासून बाजूला झालो की मी तुमचा व्याही."

त्यांनी घराकडं तोंड केलं. ज्योतीला हाक मारली. ती हात पुसत आली. "पोरी, तुझा बाप मला त्येला रागवायची परवानगी देयालाय. तुला चालंल का?" ज्योतीनं आधी माझ्याकडं बघितलं. मला तिनं कशासाठी बोलावलं होतं आणि मी काय मागून बसलो होतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिचे डोळे भरले, पण बोलली ती माझीच मुलगी असल्यासारखी. "बोला आबा. आमच्या घरी त्यांना कुणी बोलतच नाही." व्याही उठले, चुन्याच्या डब्यात हात घातला आणि पेटीभोवती जमिनीवर एक रेघ ओढली. रेघेच्या आत मी कामावरचा माणूस, बाहेर व्याही. डॉक्टरांनाही विचारून आलो. लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला बसणार असतील तर हरकत नाही म्हणाले.

जावयाचा जुना पायजमा घालून, तोंडाला फडकं बांधून मी त्या पेटीत उतरलो, तेव्हा जन्मभर पांढऱ्या गादीवर बसलेल्या माणसाची काय गत झाली ते मी सांगत नाही. आणि मी दिलेली परवानगी त्यांनी अजिबात वाया घालवली नाही. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून ते सुरू झाले. पण मानाची भाषा त्यांना सोडवेना, त्यामुळं शिव्यासुद्धा अहोजाहो घालूनच यायच्या. "पाव्हणं, माफ करा, पण आपण डोळे घरी ठिवून आलात व्हय?" "हे जे आपण केलं, त्याला घासणं म्हणत्यात का कुरवाळणं?" "कापड मोजताना बी असंच माप देता का, मग आपलं दुकान चालतंय कसं?" आणि मी दम खायला रेघेबाहेर पाऊल टाकलं की तोच माणूस खुर्चीतून अर्धा उठून म्हणायचा, "या पाव्हणं, बसा, दमला असाल. ज्योती, च्या आण." चहा संपला, मी आत गेलो, की लगेच, "आता उजाडलं का?" मी दिवसातून किती वेळा ती रेघ ओलांडली याला हिशेब नाही. मांजरपाटाचा तुकडा पहिल्यांदा मळला तेव्हा त्यांनी तो विहीणबाईंना, ज्योतीला, जावयाला आणि नातीला दाखवला. दुसऱ्यांदा स्वच्छ निघाला तेव्हा कुणालाच दाखवला नाही, घडी घालून खिशात ठेवला. त्या बॅचमधे मरतूक जवळजवळ झाली नाही. मी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते सांगत होतो, आणि दुकानात बसणारा माझा मुलगा मला डोळ्यांनी दटावत होता.

तेव्हापासून पेटी रिकामी झाली की मी पडेगावला जातो. खरं सांगायचं तर मी त्या दिवसांची वाट बघतो. माझ्या वयाच्या माणसाला मनापासून रागावणारं कुणी उरलेलं नसतं. दुकानात मुलगा मला काही बोलत नाही, घरी बायकोनं बोलणं सोडून दिलं आहे, आणि इथं एक माणूस माझ्या एकेका हाताच्या फटकाऱ्यावर लक्ष ठेवून आहे. मला ते आवडतं.

पण रागावण्यालाही श्वास लागतो. पहिल्या खेपेला ते सबंध वाक्यं बोलायचे, त्यात उपमा असायच्या, कंपनीतल्या गोष्टी असायच्या. पुढच्या खेपेला वाक्यं आखूड झाली. "कड बघा." "तिकडं." "पुन्हा." त्याच्या पुढच्या वेळी ते नुसती काठी खुर्चीच्या पायावर आपटायचे, एकदा म्हणजे चुकलं, दोनदा म्हणजे फार चुकलं. मला ती भाषाही येऊ लागली. चहाच्या वेळी ते अजूनही अर्धे उठायचे. मी आधीच हात वर करून त्यांना बसवायला लागलो.

आज सकाळी मी पेटी धुवायला गेलो होतो. हवा छान होती, ते कडुनिंबाखाली शाल घेऊन बसलेले. मी काम करत राहिलो आणि मागं काठी वाजेना. मी जरा जास्त आवाज करून घासलं, तरी नाही. मग मी मुद्दाम एक फट सोडली. अगदी त्यांच्या डोळ्यांसमोरची, दोन फळ्यांच्या मधली, जुनी विष्ठा उघड दिसत असलेली. पिल्लं यायला अजून पुष्कळ अवकाश आहे, त्यामुळं भीती नव्हती. ती सोडून मी पुढं सरकलो आणि वाट बघितली. त्यांनी ती फट बघितली. मी त्यांच्याकडंच बघत होतो, त्यांची नजर तिथं जाऊन थांबली. मग ते म्हणाले, "राहू द्या पाव्हणं. या, बसा जरा."

मी रेघेच्या आत उभा होतो. मला एकदम भीती वाटली. मी म्हटलं, "व्याहीबुवा, ही फट दिसत नाही का? रागवा की."

त्यांनी शाल सारखी केली. मग हसले आणि म्हणाले, "आज दम नाय. उद्या रागवतो."

मी बाहेर आलो, त्यांच्याशेजारी बसलो, चहा घेतला. खुराड्यातली पिल्लं ओरडत होती तेवढाच आवाज. निघताना ज्योती म्हणाली, बाबा, ती फट राहिलीय, मी साफ करू का? मी तिला हात लावू दिला नाही. ती तशीच ठेवून आलोय. उद्या सकाळी लवकर जायचं आहे.